साडेतीन इंचांचं प्रूफ

२ मार्च, रविवार

आज बाबांना दवाखान्यातून घरी आणलं. गुन्हा : गुरुवारी सकाळी रक्तदाबाची गोळी तीनदा घेणे. एकदा बुधवार समजून, एकदा गुरुवार समजून आणि एकदा मी ऑफिसातून फोन करून "गोळी घेतली का?" विचारलं म्हणून. आज्ञाधारक माणूस. न्हाणीघराच्या उंबऱ्यावर चक्कर येऊन पडले. डोक्याला चार टाके.

सात वारांच्या सात कप्प्यांची डबी मीच आणली होती. फार हुशारीची वस्तू. फक्त आज कोणता वार आहे हे माहीत असावं लागतं, आणि बाबांची गाडी तिथेच अडते. बाकी तब्येत ठणठणीत आहे. मला ओळखतात, शेजारणीला ओळखून टाळतात. वार तेवढा हातातून निसटतो.

उपाय झाले. भिंतीवर कागद लावला, बाबा म्हणाले, "हा कालचा असेल." रोज एक पान फाडायचं कॅलेंडर आणलं, जाता-येता पान फाडत राहिले, तीन दिवसांत आम्ही मे महिन्यात पोहोचलो.

संध्याकाळी धाकट्या भावाचा फोन. तो पाच तासांवर राहतो आणि सल्ले तिथूनच पाठवतो.

"ताई, मी त्या वृद्धनिवासात बाबांचं नाव घालून ठेवलंय. एकोणतीसला येतो. आठवडाभर गोळ्या नीट घेतल्या असतील तर ठीक. नाहीतर हलवू."

"ते काय कपाट आहे हलवायला?"

"तू दिवसभर बाहेर असतेस. उद्या पुन्हा पडले तर?"

मी फोन ठेवला. मी विमा कंपनीसाठी जळालेली दुकानं आणि बुडालेली यंत्रं तपासते. लोक खोटं बोलतात असं धरून चालायचा मला पगार मिळतो. धाकटा खोटं बोलत नव्हता, हीच पंचाईत.

इथे खरं लिहायला हरकत नाही : निवासाचं माहितीपत्रक मी दोनदा वाचलं. बाग छान आहे. मलाच जावंसं वाटलं.

४ मार्च, मंगळवार

बाबांचा रेडिओ दुरुस्तीला टाकलाय त्या दुकानात गेले. दुकान एका बाईंचं आहे. साठीच्या, जाड भिंगाच्या, कानामागे पेन्सिलऐवजी स्क्रूड्रायव्हर. गल्लीत त्यांना सगळे कथीलकाकू म्हणतात. तोंडावरही म्हणतात आणि त्याही ओ देतात.

डबी, कागद, कॅलेंडर, सगळी कहाणी सांगितली. काकू एका तारेला कथलाचा डाग देता देता ऐकत होत्या.

"कागद कालचा वाटतो ना त्यांना? मग आपोआप बदलणारं काहीतरी लावा. छोटा पडदा." त्यांनी खणातून पत्त्यांच्या कॅटएवढी हिरवी पट्टी काढली. "हा अख्खा संगणक आहे. आणि हा पडदा, साडेतीन इंची. वार, तारीख, दोन ओळी मजकूर. तुम्ही ऑफिसातून मजकूर बदलू शकाल."

"मला जमेल?"

"मिक्सरचं भांडं उलटं बसवून आणता तुम्ही दरवेळी," काकू म्हणाल्या. "पण शिकाल."

८ मार्च, शनिवार

सुट्टी कारणी लावली. पट्टीवर पिनांच्या दोन रांगा आहेत, पडदा त्यांवर टोपीसारखा बसतो. बसवला. वीज दिली. पडदा पांढराफेक. वार नाही, तारीख नाही, नुसतं पांढरं. बाबा शेजारी खुर्ची ओढून बसले.

"काय लिहिलंय?" म्हणाले.

"काही नाही."

"मग चूकही नाही."

तासाभराने काकूंना फोन केला. "पांढरा आहे ना? मग जिवंत आहे," काकू म्हणाल्या. "पोटात वीज गेलीय, कानात शब्द गेलेला नाही. पिना मोजा."

मोजल्या. टोपी एक घर सरकून बसली होती. मिक्सरच्या भांड्याचा उल्लेख काकूंनी केला नाही. मोठ्या मनाची बाई.

पिना जुळवून पुन्हा लावलं. पुन्हा पांढरं.

९ मार्च, रविवार

एक सेटिंगची फाईल असते. तिच्यात 'अमुक पडदा जोडलाय' असं सांगणारी ओळ असते. त्या ओळीच्या आधी फुलीसारखं एक चिन्ह होतं. ते चिन्ह असलं की संगणक ती ओळ वाचतच नाही, नातेवाइकांनी आहेराच्या यादीवर फिरवावी तशी नजर फिरवून पुढे जातो. चिन्ह पुसलं. पडद्यावर काळ्यावर पांढरी अक्षरं धावू लागली. मी टाळी वाजवली. बाबांनीही वाजवली, मी वाजवली म्हणून.

आज बाबांनी रविवारची गोळी शुक्रवारच्या कप्प्यातून घेतली. म्हणजे एकच घेतली. प्रगती समजायची.

११ मार्च, मंगळवार

वार-तारखेचा प्रोग्रॅम काकूंनी दिला होता, तो सकाळी निघता निघता चालू केला. बघायला वेळ नव्हता. ऑफिसातून फोन केला.

"बाबा, पडद्यावर अक्षरं आलीत का?"

"आलीत."

"सरळ दिसतायत?"

"अगदी सरळ. मंगळवार, अकरा-तीन."

मी दिवसभर तरंगत होते. एका जळक्या गोदामाचा दावा उदार मनाने मंजुरीला पाठवला. संध्याकाळी घरी येऊन बघते तर पडद्यावरची अक्षरं डोक्यावर उभी. पाण्यातलं प्रतिबिंब पाहावं तशी.

"हे सरळ आहे?"

"हो."

मग डोक्यात प्रकाश पडला. बाबांनी एकेचाळीस वर्षं छापखान्यात काढली. पुढे प्रूफं तपासायचे, पण पहिली अठरा वर्षं खिळे जुळवत होते. शिशाची अक्षरं हातातल्या पट्टीत अशीच दिसतात, उलटी आणि डोक्यावर. जगातल्या कुठल्याही माणसाला जो बिघाड दिसला असता तो या एका माणसाला दिसला नाही, आणि पडदा तपासायला मला तोच मिळाला.

सेटिंगमधला एक आकडा बदलून सरळ केला. "आता जरा वेगळं दिसतंय," बाबा म्हणाले, "पण चालेल."

१४ मार्च, शुक्रवार

पडद्याच्या कोपऱ्यात पिवळी वीज चमकते आणि मग तो मिटतो. दुपारी फोन केला तर बाबा धापा टाकत होते. वीज बघून दोरीवरचे सगळे कपडे आत घेतले होते. बाहेर कडकडीत ऊन. शेजारणीचेही कपडे घेतले होते, भेदभाव नको म्हणून.

काकूंना विचारलं. "ती वीज आभाळातली नाही. पोटाला कमी पडतंय, हे सांगतंय ते. मोबाईलचा चार्जर लावलात ना? वायर केसाएवढी असेल. जाड वायरचा लावा."

लावला. वीज गेली. शेजारणीचे कपडे परत केले. तिने एक टॉवेल कमी असल्याचा दावा केला आहे. मी तपासणीसाची नजर टाकली. खोटं.

१६ मार्च, रविवार

नुसतं वार-तारीख किती दिवस बघणार, म्हणून आज महिना आकड्याऐवजी अक्षरात केला आणि दोन ओळी मजकूर टाकला : "आजचा दिवस छान जावो. गोळी घ्यायला विसरू नका." पडद्यावर आलं : "आजचा दविस छान जावो. गोळी घ्‌यायला वसिरू नका." मार्च तर पाय मोडून आला, मार्‌च.

मी नीट टाइप केलं होतं. तासभर डोकं खाजवल्यावर कळलं. टाइप करताना आपण आधी अक्षर देतो, मग वेलांटी. कागदावर मात्र ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी उभी राहते. या पडद्यासाठी चित्र काढणाऱ्या यंत्राला हे कोणी सांगितलेलंच नाही. ते बापडं ज्या क्रमाने ऐकतं त्या क्रमाने मांडतं, आणि दिवसाची वेलांटी द ला सोडून व च्या गळ्यात पडते.

बाबा येऊन उभे राहिले. चष्मा पुसला.

"हे कोणी लावलं?"

"मी."

"दविस?" एवढंच म्हणाले, पण असं, की मी पन्नाशीत असूनही ओशाळले. मग आत जाऊन कागदाची चिठ्ठी आणि पेन्सिल घेऊन आले.

दुरुस्तीला वेळ लागेल. एक जादाचा भाग बसवावा लागतो, आणि तो आमच्या रडतखडत नेटवर उतरायला तयार नाही. तोवर चालेल.

१९ मार्च, बुधवार

पडद्याखाली चिठ्ठ्या साचू लागल्या आहेत. बाबा दर दोन तासांनी येतात, नवा मजकूर वाचतात, चुका टिपतात, चिठ्ठी पडद्याखाली खोचतात. समासात त्या जुन्या खुणा, गोल, काट, बाण. मला वेळ नसल्याने मी त्या टोपलीत टाकते. एकदा टाकताना बघितलं त्यांनी. दुसऱ्या दिवशी चिठ्ठ्या रबरबँड लावून कपाटावर ठेवलेल्या दिसल्या.

गोळ्या : रविवार बरोबर, सोमवार बरोबर, मंगळवार बरोबर, आज बरोबर. कप्पे ओळीने रिकामे. जाड वायरचा हा चमत्कार. वीज स्थिर असली की सगळं सुरळीत होतं, हे मी धाकट्याला फोन करून सुनावलं.

२२ मार्च, शनिवार

नेट चांगलं होतं. जादाचा भाग उतरवला, बसवला. वेलांट्या घरी परतल्या. मार्चचा पाय सांधला गेला. मोठा सुबक फॉन्टही लावला. 'आजचा दिवस छान जावो.' काय दिसतोय पडदा. काकूंना फोटो पाठवला, त्यांनी अंगठा पाठवला.

बाबांना हाताला धरून आणून दाखवलं. त्यांनी वरपासून खालपर्यंत वाचलं. पेन्सिल हातात होती. मग ती खिशात ठेवली.

"छापायला हरकत नाही," म्हणाले आणि आत जाऊन आडवे झाले.

कामगिरी फत्ते. एक आठवडा हातात ठेवून.

२५ मार्च, मंगळवार

रविवारची गोळी नाही. सोमवारच्या दोन. आजची आहे तशीच.

पडदा उत्तम चालू आहे. वायर तपासली, पिना तपासल्या, उजेड वाढवला. पडदा पलंगासमोर हलवला. बाबा त्याच्याकडे पाठ करून झोपतात. "बाबा, आज कोणता वार?" तर म्हणाले, "तुला माहीत नाही का?"

वय. दुसरं काय. पडदा दुरुस्त होतो, माणूस नाही. हे वाक्य लिहिताना फार शहाणपणाचं वाटलं होतं, आता वाचताना चीड येतेय.

२६ मार्च, बुधवार

दुपारी तीनला शेजारणीचा फोन : दार सताड उघडं, बाबा नाहीत. मी एका बुडालेल्या गिरणीत गुडघाभर चिखलात उभी होते. तशीच निघाले. रस्ताभर मी कोणकोणत्या देवांना काय काय कबूल केलं ते इथे लिहीत नाही, उगाच पुरावा नको.

घराच्या कोपऱ्यावर बाबा येताना दिसले. सोबत दंडावर दंड चढलेला एक पहिलवान. बाबा त्यांच्या छापखान्यात गेले होते. छापखाना बंद होऊन अकरा वर्षं झाली, तिथे आता व्यायामशाळा आहे. हा तिथला शिकवणारा.

"काका कामावर आले होते," पहिलवान म्हणाला. "मी म्हटलं, बसा. पाणी दिलं. मग त्यांनी आमची पाटी बघितली."

"माफ करा हं."

"माफ कसली? 'सौष्ठव' चुकलं होतं. सहा वर्षं लटकतंय. कोणी सांगितलं नाही." तो बाबांना नमस्कार करून गेला. बाबा ताजेतवाने होते. इतके ताजे गेल्या चार दिवसांत दिसले नव्हते.

"आज बुधवार," जिना चढताना स्वतःहून म्हणाले. "त्यांच्या फळ्यावर लिहिलंय. त्यातही काना कमी आहे."

धाकट्याला कळवलं नाही. शनिवारी येतोच आहे. आणि आता खरं म्हणजे लढायला माझ्याकडे काही नाही.

२७ मार्च, गुरुवार

कपाटावरचा तो रबरबँड लावलेला गठ्ठा आज काढला. निवासात जायचं तर सामान आवरायला हवं, म्हणून. चिठ्ठ्या छत्तीस. प्रत्येकीच्या डोक्यावर बाबांच्या अक्षरात : 'पहिलं प्रूफ. सोमवार, १७ मार्च.' 'दुसरं प्रूफ. सोमवार, १७ मार्च, दुपार.' वार बरोबर. तारीख बरोबर. एकही चुकलेली नाही. शेवटची चिठ्ठी बावीसच्या सकाळची. त्यानंतर काही नाही.

बावीसला दुपारी मी वेलांट्या दुरुस्त केल्या.

मी जमिनीवर बसले. अठरा वर्षं लोकांचे दावे तपासतेय. आग लागली त्या दिवशी काय बदललं, हा पहिला प्रश्न असतो. तो मी स्वतःच्या घरात विचारला नाही.

ऑफिसला न जाता काकूंच्या दुकानात गेले.

"तो जादाचा भाग काढायचाय," मी म्हटलं.

"का? बिघडला?"

"नाही. बरोबर चालतोय."

काकूंनी चष्म्यावरून बघितलं. मी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "काढू नका. आता काय चुकवायचं ते तुम्ही ठरवा. यंत्राच्या चुका रोज त्याच त्या. माणूस कंटाळेल."

२९ मार्च, शनिवार

धाकटा सकाळी दहाला आला. मी आधीच पडद्यावर टाकून ठेवलं होतं : "आज शनीवार. गोळि घ्या." दोन चुका, हातानं घडवलेल्या.

बाबा आले. थांबले. खिशातून पेन्सिल निघाली. चिठ्ठीवर वार, तारीख, दोन खुणा. मग डबीकडे गेले, शनिवारचा कप्पा उघडला, गोळी घेतली, वर पाणी प्यायले. धाकटा बघत होता. मी छत्तीस चिठ्ठ्यांचा गठ्ठा त्याच्या हातात दिला आणि रविवार ते बुधवारचा पराभवही सांगितला, व्यायामशाळेसकट. लपवण्यात अर्थ नव्हता.

"म्हणजे चूक असली की वाचतात?" धाकटा म्हणाला.

"चूक असली की कामावर असतात."

"ताई, पण हे तू रोज करणार? वर्षानुवर्षं?"

तेवढ्यात बाबा वळले. "या चुका कोणीतरी मुद्दाम घातल्यात," म्हणाले. "खरी चूक अशी दारात उभी राहून हाका मारत नाही. ती मजकुरात मिसळून बसते. लिहिणाऱ्यालाही कळत नाही." आणि पेन्सिल खिशात जाऊ लागली.

मग धाकटा कळफलकापुढे बसला. "सरक. मी लिहितो काहीतरी." त्याने सहज टाइप केलं, जसं तो मला रोज लिहितो, न थांबता, न वाचता :

"बाबा मी आलोय. बाहेर ऊन कडक आहे, दूपारी झोप काढा. ताईच्या नादी लागु नका, तीला सगळ्यांवर संशय येतो. तूमच्या गोळीचि वेळ सांभाळा."

धाकट्याचं शुद्धलेखन शाळेपासून असंच आहे. त्याला ते माहीत नाही. बायको सांगत नाही, हाताखालच्यांची हिंमत नाही.

बाबा वाचत राहिले. खुर्ची मागितली. पाच मिनिटांनी दुसरी चिठ्ठी मागितली.

"कितीयत?" धाकट्याने हळूच मला विचारलं. "मी तर एकच घातली. 'लागु' मुद्दाम ऱ्हस्व केलं."

काही गोष्टी माणसाच्या तोंडावर सांगू नयेत, विशेषतः त्या उपयोगाच्या असतील तर.

जाताना म्हणाला, "तीन महिने बघू. नाव राहू दे निवासात. मजकूर मी पाठवत जाईन तिकडून. तू उगाच त्रास घेऊ नकोस, तुझ्या चुका पकडल्या जातात."

४ एप्रिल, शुक्रवार

धाकटा रोज पाठवतो. आधी दोन ओळी पाठवायचा, आता सहा-सात होतात. पडद्यावर सरकत सरकत येतात. त्याच्याकडे गाडी बिघडली, त्याच्या मुलीला कविता पाठ होत नाही, त्याला गुडघा दुखतो. मला यातलं काही माहीत नव्हतं. पाच तासांवर राहणाऱ्या माणसाला गुडघा असतो हेच मी विसरले होते.

बाबांनी आज विचारलं, "हा लेखक कोण?"

"का?"

"भयंकर आहे." चिठ्ठी खोचली. "पण सोडू नका याला."

गोळ्या : सातपैकी सात.

१० एप्रिल, गुरुवार

आज चिठ्ठीच्या तळाशी बाबांनी ओळ लिहिली होती : 'लेखकास प्रत्यक्ष बोलवावे. गुडघा कोणता ते लिहिलेले नाही.'

मला वाटलं, बाबा त्याच्यावर वैतागले. चिठ्ठीचा फोटो धाकट्याला पाठवला, सोबत 'मनावर घेऊ नकोस' असंही. दिवसभर उत्तर नाही. मी उगाच चुटपुटत राहिले. माणूस उत्साहाने काही करत असतो आणि आपण त्याच्या चुकांचा फोटो पाठवतो.

संध्याकाळी घरी पोहोचले तोवर पडद्यावर त्याचा मजकूर येऊन बसला होता :

"बाबा ऊजवा. रवीवारी येतो. नीवासातलं नाव काडून टाकलं."

चार चुका, मी मोजल्या. बाबा पडद्यासमोर उभे आहेत, पेन्सिल आणि कोरी चिठ्ठी घेऊन. दहा मिनिटं झाली, एकही खूण केलेली नाही. पडदा अडकला की काय म्हणून मी वायर दोनदा हलवून बघितली. पडदा व्यवस्थित आहे.